पाहुणीची पाहुणी: घरातल्या परदेशी विद्यार्थिनीची मैत्रीण राहायला येते तेव्हा काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

"काकू, माझी मैत्रीण येणार आहे. परवा."

आमच्याकडे राहणाऱ्या जर्मन मुलीने हे बुधवारी रात्री, भातावर आमटी घेता घेता सांगितलं. तिकीट महिन्यापूर्वीच काढलेलं. व्हिसाच्या अर्जात आमचा ठाण्यातल्या नौपाड्याचा पत्ता आणि माझ्या नवऱ्याचा मोबाइल नंबर देऊन झालेला. फक्त आम्हाला सांगायचं राहिलं होतं.

त्या वेळी जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या आम्ही केल्या. नंतर आणखी चार विद्यार्थी राहून गेले, त्यांतल्या तिघांकडे मित्रमंडळी आली आणि हळूहळू आमची पद्धत बसली. आता ठाण्यातल्या, ऐरोलीतल्या, खारघरच्या यजमान कुटुंबांचे मला फोन येतात आणि प्रत्येकाचा घोळ एकच असतो. क्रम उलटा. तिकीट आधी, घरात विचारणं नंतर, सरकारी नोंद सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच.

पहिल्या टप्प्याआधी एक गोष्ट घरात पक्की करा. येणारी मुलगी तुमची पाहुणी नाही, ती तुमच्या विद्यार्थिनीची पाहुणी आहे. तिची उठबस विद्यार्थिनीने करायची. तुमच्याकडे घर, घराचे नियम आणि कायद्याची जबाबदारी, एवढंच. आपल्याकडे पाहुणा म्हटलं की पदर खोचून कामाला लागायची सवय. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी आळूवड्या, तिसऱ्या दिवशी आपली पाठ धरलेली, आणि घरातली विद्यार्थिनी मात्र मैत्रिणीशेजारी सोफ्यावर बसून चहाची वाट बघतेय.

(मी सगळीकडे विद्यार्थिनी आणि मैत्रीण असंच लिहिलंय. मुलगा असला तरी पायऱ्या त्याच. फरक पडतो तो तिसऱ्या टप्प्यात.)

टप्पा १: तिकिटाच्या आधी घरात बसून बोलणं

विद्यार्थिनी घरी राहायला येते त्याच आठवड्यात तिला सांगून ठेवा: कोणी येणार असेल तर तिकीट काढायच्या आधी आणि किमान सहा आठवडे आधी विचारायचं. आपण हे सांगत नाही, कारण "आत्ताच काय नियम सांगायचे" असा संकोच वाटतो. तिला मात्र हे ऐकलं की बरंच वाटतं. विचारायचं कसं आणि कोणाला, हेच तिला माहीत नसतं.

विचारणा आली की घरातले सगळे बसून बोला. सगळे म्हणजे सासूबाई आणि दहावीतला मुलगासुद्धा. मैत्रीण कोण, ओळख कुठली, वय किती, किती रात्री राहणार, त्यातल्या किती रात्री बाहेरगावी, आणि विद्यार्थिनीला त्या दिवसांत कॉलेज आहे का, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. विद्यार्थिनी सकाळी सातला बाहेर पडणार असेल, तर मैत्रीण दिवसभर तुमच्या गळ्यात.

किती रात्री हा आकडा मोघम ठेवू नका. "आठवडाभर, मग बघू" याला हो म्हणायचं नाही. आमच्याकडे सलग पाच रात्री. मधे त्या दोघी गोव्याला किंवा अजिंठा-वेरूळला जाऊन आल्या, तर परतल्यावर आणखी दोन.

तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. गणपतीत घरात आधीच नातेवाइक असतात, तेव्हा एक तर आनंदाने सगळ्यांबरोबर जमिनीवर गादी टाकून झोपायची तयारी हवी, नाहीतर तारीख बदला. जुलै-ऑगस्टात येणार असेल तर लोकल बंद पडण्याचा एखादा दिवस हिशोबात धरा. परीक्षेच्या महिन्यात सरळ नाही म्हणा.

थांबा: पैसे घ्यायचे नाहीत. "रात्रीचे थोडे देईल ती" असं विद्यार्थिनी चांगल्या मनाने सुचवते. पैसे घेतले की पाहुणचार संपला आणि व्यवसाय सुरू झाला. सोसायटी वेगळ्या नजरेने बघते, सरकारी नोंदणीही वेगळी लागते. तिला काही द्यायचंच असेल तर एक दिवस भाजी-फळं आणू दे, एक दिवस दोघींनी मिळून स्वयंपाक करू दे.

टप्पा २: ज्या संस्थेतर्फे विद्यार्थिनी आली आहे त्यांना कळवणं

विद्यार्थिनी कॉलेजची असेल आणि स्वतःहून तुमच्याकडे राहत असेल तर हा टप्पा सोडा. शाळकरी वयाची, एक्स्चेंजवर आलेली असेल तर सोडू नका. अशा कार्यक्रमांत मायदेशातल्या मित्र-नातेवाइकांच्या भेटी सुरुवातीच्या महिन्यांत शक्यतो नकोत, असं धोरण असतं. मूल इथे रुळायच्या आधीच घरची माणसं आली की रुळलेलं सगळं विस्कटतं. रात्रीच्या प्रवासाला लेखी परवानगी लागू शकते. समन्वयकाला मेसेज नको, ईमेल करा. नाव, तारखा, कुठे राहणार, कुठे फिरणार. उत्तर येईपर्यंत तुमचंही उत्तर "बघू" एवढंच.

टप्पा ३: झोपायची जागा आणि तो अवघड प्रश्न

ठाण्यातल्या टू बीएचकेत तिसरी खोली म्हणजे हॉल. मैत्रीण असेल तर विद्यार्थिनीच्या खोलीत जादा गादी, विषय संपला. मित्र असेल तर विचारायला लाजू नका: नुसता मित्र, की बॉयफ्रेंड? आपण हा प्रश्न टाळतो आणि मग रात्री अकरा वाजता, सासूबाई हॉलमध्ये जपमाळ घेऊन बसलेल्या असताना, कोण कुठे झोपणार यावर कुजबुज सुरू होते.

तुमचं घर जे मानतं ते स्पष्ट सांगा, आवाज न चढवता. "आमच्या घरात मुलगा हॉलमध्ये झोपेल" हे वाक्य पुरेसं आहे. त्यांना ते पटलं नाही तर स्टेशनजवळ हॉटेलं आहेत. त्याने तिथे राहावं, जेवायला घरी यावं. यात कोणाचाच अपमान नाही. विद्यार्थिनी अल्पवयीन असेल तर हा प्रश्न तुमच्या हातातच नाही, संस्था आणि तिचे आईवडील ठरवतील.

टप्पा ४: व्हिसा आणि सामान

व्हिसा मैत्रिणीने काढायचा, पण त्यात तुमचं नाव येतं म्हणून तुम्हाला माहिती हवी. ई-टूरिस्ट व्हिसाच्या अर्जात भारतातल्या एका ओळखीच्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि फोन मागतात. तिथे कोणाचं नाव जाणार, हे आधी ठरवा आणि पत्ता तुम्ही स्वतः टाइप करून पाठवा. आमच्या पहिल्या पाहुणीने "नौपाडा"चं काय केलं होतं ते मी इथे लिहीत नाही.

नेहमी चुकतं ते असं:

- तीस दिवसांच्या ई-व्हिसाला फार आधी अर्ज करता येत नाही, येण्याच्या तारखेआधीच्या ३० दिवसांतच करता येतो. दोन महिने आधी प्रयत्न करून "होत नाहीये" म्हणून घाबरू नका.
- एक वर्षाच्या किंवा पाच वर्षांच्या ई-टूरिस्ट व्हिसाला १२० दिवस आधीपर्यंत अर्ज चालतो. कुठलाही घ्या, येण्याच्या किमान चार दिवस आधी अर्ज गेलेला हवा. प्रत्यक्षात दोन आठवडे हाताशी ठेवा.
- तीस दिवसांचा व्हिसा वाढवून मिळत नाही. "आवडलं तर राहीन" हा बेत त्यावर होत नाही.
- व्हिसाची खोटी, महागडी संकेतस्थळं ढिगाने आहेत आणि ती सरकारी वाटतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' नसेल तर पैसे भरू नका.
- पासपोर्ट येण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा आणि शिक्क्यांसाठी दोन कोरी पानं हवीत.
- १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांना ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं, पोहोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत. त्यातही भारतातला पत्ता विचारतात. व्हिसाच्या अर्जात दिला तोच द्यायचा.

सामानाचं आधीच कळवा. ई-सिगारेट आणायची नाही. २०१९ च्या कायद्याने तिची आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. डोंगरात फिरणारे लोक हाताच्या पंजाएवढं उपग्रहावर चालणारं मेसेज पाठवायचं यंत्र बाळगतात. तेही नको, परवानगीशिवाय भारतात ते बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यावरून लोक अडकलेत. ड्रोनही घरीच राहू दे.

अमेरिकेतून येणारीला एक जादा सूचना. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, त्यांच्याकडे ११०-१२०. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात, केस वाळवायचं यंत्र बहुतेकदा चालत नाही. आमच्या बाथरूममधला काळा डाग अजून आहे.

टप्पा ५: 'फॉर्म सी'चं खातं आधी उघडून ठेवणं

इथे सगळे अडखळतात, म्हणून जरा थांबून वाचा.

परदेशी नागरिक तुमच्या घरी राहायला आला की त्याची सरकारदरबारी नोंद, म्हणजेच 'फॉर्म सी', २४ तासांत करायची जबाबदारी तुमची, म्हणजे घरमालकाची. त्याची नाही आणि तुमच्या विद्यार्थिनीचीही नाही. हॉटेलवाले काउंटरवर पासपोर्ट मागतात तो याचसाठी. "आम्ही काय हॉटेल आहोत का?" हा मला सगळ्यांत जास्त ऐकू येणारा प्रश्न. खासगी घरही यात येतं, पैसे घेत नसलात तरी येतं, एका रात्रीसाठीही येतं. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा जाऊन नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झालाय. अर्जाची नावं-नंबर कागदोपत्री बदलतात, लोक मात्र अजून 'फॉर्म सी'च म्हणतात. २४ तासांचं बंधन आहे तसंच आहे.

नोंद ऑनलाइन होते, पण त्यासाठी आधी घराचं खातं लागतं. घरमालकाचं नाव, पत्ता, ईमेल, मोबाइल, ओळखीची कागदपत्रं भरायची, तिकडून मंजुरी आली की मगच लॉगिन चालू. ही मंजुरी बसल्या बसल्या मिळत नाही. आम्ही पहिल्या वेळी मैत्रीण दारात आल्यावर शनिवारी सकाळी खातं उघडायला बसलो. शनिवार गेला, रविवार गेला, आणि २४ तास तर रविवारी पहाटेच संपले होते. सोमवारी मी आणि नवरा पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन रांगेत. चूक सर्वस्वी आमची.

म्हणून व्हिसाचा अर्ज गेला त्याच आठवड्यात खातं उघडा. विद्यार्थिनी राहायला आली तेव्हा तिची नोंद तुम्हीच केली असेल तर खातं आहेच, फक्त पासवर्ड चालतोय का बघा. ती नोंद संस्थेने किंवा कॉलेजने केली असेल तर त्यांच्या लॉगिनवर तुमची पाहुणी जाणार नाही. तुमचं वेगळं लागेल.

खातं उघडताना परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारं आपल्या भागाचं कार्यालय निवडावं लागतं. यादीत 'मुंबई' दिसलं की बोट आपोआप तिथे जातं. ठाण्याचं पोलीस आयुक्तालय वेगळं, नवी मुंबईचं वेगळं. कळवा-मुंब्रा ठाण्यात, ऐरोली-घणसोली-वाशी-खारघर नवी मुंबईत. पोस्टाच्या पत्त्यात काय लिहितो यावर जाऊ नका, तुमचं पोलीस ठाणं कुठलं ते बघा. शंका असेल तर तिथेच जाऊन विचारा, पाच मिनिटांचं काम आहे.

तपासा: येण्याच्या आठ दिवस आधी: लॉगिन चालतंय? घरमालक सासरे असतील आणि ते गावी असतील, तर त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी तुम्हाला कोण सांगणार?

टप्पा ६: सोसायटी, वॉचमन आणि मावशी

सेक्रेटरींना दोन ओळींचा मेसेज: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे परदेशी पाहुणी आहे, सरकारी नोंद आम्ही करतो आहोत. हे परवानगी मागणं नव्हे, फक्त कळवणं. घरी पाहुणा यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. पण आधी कळवलं की चौथ्या मजल्यावरच्या काकांचं "पोलिसांना माहीत आहे का?" हे जागच्या जागी मिटतं.

गेटवर मायगेटसारखं अ‍ॅप असेल तर पाहुणी म्हणून तिचं नाव सगळ्या तारखांसाठी एकदम घालून ठेवा. नसेल तर दोन्ही पाळ्यांच्या वॉचमनना सांगा. आपण दिवसाच्या माणसाला सांगतो आणि विमान उतरतं रात्री. आमच्या पहिल्या पाहुणीला रात्रीच्या वॉचमनने तीन वाजता गेटवर बसवून ठेवलं. बिचाऱ्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, पण आत सोडलं नाही. त्याचं काही चुकलं नाही.

घरकामाच्या मावशींनाही आधी सांगा. पाच दिवस जादा भांडी, जादा चादरी. त्याचे पैसे आधी बोलून घ्या आणि ते विद्यार्थिनीने द्यावेत. दूधवाल्याला अर्धा लिटर जादा.

टप्पा ७: खाण्याचं विचारताना शब्द नीट वापरा

"काही चालत नाही का?" असं विचारलं की "सगळं चालतं" असंच उत्तर येतं. दोन प्रश्न वेगळे विचारा: काय आवडत नाही, आणि काय खाल्लं तर दवाखान्यात जावं लागेल?

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ही मराठी स्वयंपाकघरातली खरी धोक्याची गोष्ट आहे. "दाणे घालू नका" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अख्खे दाणे येतात. कूट आपल्याला दिसतच नाही. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, लाल भोपळ्याच्या भाजीवर वरून चिमूटभर. चटणीत तर आहेच, आणि तेलही शेंगदाण्याचं असू शकतं. अशी पाहुणी आमच्याकडे आली तेव्हा मी कुटाचा डबा माळ्यावर टाकला. तेवढ्याने भागत नाही. त्याच डब्यातला चमचा हळदीच्या डब्यात गेलेला असतो. मिसळणाचा डबा रिकामा करून, धुऊन, नवा भरा. तिचं तातडीचं इंजेक्शन कुठल्या पिशवीत आहे ते तुम्हालाही माहीत हवं.

गव्हाचं चालत नसेल तर भाकरी-भातावर निर्धास्त होऊ नका. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. दूध-तूप न खाणारी असेल तर वरणभातावरची तुपाची धार हाताच्या सवयीने पडते. तिचं ताट तिच्या मैत्रिणीला वाढू द्या.

पिण्याचं पाणी फिल्टरचं, दात घासायलासुद्धा. पहिले दोन दिवस बाहेरचं कापलेलं फळ, चटणी, बर्फ नको. मामलेदारची मिसळ तिसऱ्या दिवसानंतर आणि तीही कमी तिखट सांगून.

टप्पा ८: विमानतळ ते घर

तारखेचा घोळ इथे होतो. परदेशातून येणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर उतरतात. तिकिटावर १४ तारीख, वेळ ०१:२० म्हणजे १३ तारखेला रात्री जेवून जागं राहायचं. एका ओळखीच्या कुटुंबाने १४ च्या रात्रीची गाडी ठरवली होती. मुलगी २४ तास आधीच आलेली.

विद्यार्थिनी स्वतः आणायला जाऊ दे. रात्रीची वेळ असेल तर ओळखीचा ड्रायव्हर द्या, किंवा घरातलं मोठं माणूस बरोबर जाऊ दे. सामानासकट पहिल्याच दिवशी लोकल नको. ठाणे स्टेशनचा पूल, गर्दी आणि तीस किलोची बॅग, तिन्ही एकदम झेपत नाही.

कोणी जाऊ शकत नसेल तर पाठवून ठेवा: पत्ता इंग्रजीत आणि मराठीत, नकाशावरची खूण मागच्या नव्हे तर पुढच्या गेटची, गेटचा फोटो, आणि "अमुक देवळासमोर, अमुक मेडिकलच्या वर" अशी खूण. आपल्याकडे ड्रायव्हर इमारतीच्या नावाने येत नाही, खुणेने येतो. परदेशी सिमवर इथल्या अ‍ॅपचे ओटीपी येतीलच असं नाही, म्हणून टॅक्सी विद्यार्थिनीच्या फोनवरून ठरवा किंवा विमानतळावरची प्रीपेड घ्या.

टप्पा ९: पहिले २४ तास, नोंद भरणं

झोपायच्या आधी पासपोर्ट मागून घ्या. सकाळी ती दुपारपर्यंत झोपणार आणि तोवर आठ-दहा तास गेलेले. चार फोटो काढा: पासपोर्टचं माहितीचं पान, आगमनाचा शिक्का, ई-व्हिसाचा छापील कागद, आणि साध्या भिंतीसमोर तिचा चेहरा. पासपोर्ट लगेच परत द्या. "सांभाळून ठेवते" म्हणून कपाटात ठेवू नका.

मग सकाळी शांतपणे भरा. चुकतात त्या जागा या:

- आडनाव आणि नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, मधल्या नावांसकट.
- तारीख. अमेरिकेतल्या सवयीने ती ०४/०७ सांगेल तेव्हा ४ जुलै नव्हे, ७ एप्रिल असू शकतं. तोंडी विचारू नका, पासपोर्टवर महिना अक्षरात असतो.
- भारतात आल्याची तारीख आणि तुमच्या घरी आल्याची तारीख या दोन वेगळ्या जागा आहेत. ती आधी दिल्लीत उतरून दोन दिवस राहून आली असेल तर वेगळ्या तारखा.
- व्हिसा नंबर म्हणून पासपोर्ट नंबर पुन्हा टाइप होतो. हसू नका, मी दोनदा केलंय.
- पुढचा मुक्काम. "ठरलेलं नाही" म्हणू नका. गोवा असेल तर गोवा, घरी परत असेल तर तिचा देश.

शेवटी पावती किंवा अर्ज क्रमांक दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट विद्यार्थिनीलाही पाठवा, कारण तिच्या स्वतःच्या व्हिसाची, मुदतवाढीची कामं असतात. आपल्या पत्त्यावरच्या नोंदी नीटनेटक्या असलेल्या बऱ्या.

थांबा: ती तीन दिवस गोव्याला हॉटेलात राहून परत तुमच्याकडे आली, तर आम्ही ते नवं आगमन धरतो आणि नोंद पुन्हा भरतो. दुसऱ्या वेळी पाच मिनिटं लागतात.

टप्पा १०: पहिल्या संध्याकाळी घर दाखवणं

हे विद्यार्थिनीने दाखवायचं, तुम्ही मागे उभं राहायचं. गीझरचं बटण, पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, बादली-मग, जेट, कचऱ्याचे दोन डबे, चप्पल कुठे काढायची, देवघराच्या दारात पाय पसरून बसायचं नाही, रात्री किती वाजता लॅच लागतं. किल्ली एकच द्या आणि ती विद्यार्थिनीकडे असू दे.

दारूचं याच वेळी सांगून टाका. जर्मनीत सोळाव्या वर्षी बियर मिळते. आपल्याकडे बियर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण हवीत. वीस वर्षांची मुलगी सहज, काही गैर न समजता, बाटली घेऊन येईल आणि तुमच्या फ्रिजमध्ये ठेवेल.

टप्पा ११: फिरणं

बेत त्यांचा, वेळा तुमच्या: कुठे जाणार आणि किती वाजता परत, एवढं रोज सकाळी मेसेजवर. लोकल सकाळी साडेदहानंतर, बायकांच्या डब्यातून, आणि पहिला प्रवास सीएसएमटीकडे नव्हे तर ठाणे-वाशी मार्गावर. तो तुलनेने सोपा आहे आणि चुकलं तरी माणूस फार लांब जात नाही. ऐरोलीला खाडीतले फ्लेमिंगो दाखवायचे असतील तर हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात हे दिवस. बोट भरती-ओहोटीवर सुटते म्हणून वेळ आधी बघून जागा ठेवावी लागते. घारापुरीची लेणी आणि बोरीवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. लेण्यांच्या तिकिटाच्या खिडकीवर परदेशी पाहुण्यांचा दर वेगळा असतो, तो बघून चिडायचं नाही हे आधी सांगा. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातून अंधार पडायच्या आत परत.

रिक्षा मीटरने. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ रुपये आहे, एवढं कळलं तरी घासाघीस थांबते. थोडी रोकड, दहा-वीसच्या नोटा जवळ असू दे. आपलं यूपीआय तिच्या फोनवर सहज चालणार नाही. परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं वेगळं वॉलेट मिळतं, ते विमानतळावरच घेतलं तर ठीक, नाहीतर विद्यार्थिनीने भरावं आणि रात्री दोघींनी हिशोब करावा. तुमच्या फोनवरून देत बसू नका. पाचव्या दिवशी कोण कोणाला किती हे कोणालाच आठवत नाही.

पोट बिघडलं तर इलेक्ट्रॉल, ताकभात आणि एक दिवस घरी. ताप असेल आणि पावसाळा असेल तर डेंग्यूची शंका मनात धरून डॉक्टर त्याच दिवशी, मनाने गोळ्या नकोत. तिच्या प्रवास विम्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये आधीच सेव्ह असावा. रुग्णालयात बहुधा आधी पैसे भरावे लागतात, विमा नंतर परत देतो, म्हणून प्रत्येक कागदाची पावती जपा. अँब्युलन्सला १०८, बाकी कशालाही ११२.

टप्पा १२: निघताना

आदल्या रात्री बॅग वजन करून बघा. काकूंनी दिलेलं लोणचं हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. चादरी काढून मशीनला लावणं विद्यार्थिनीचं काम. ती गेली की पोर्टलवर निघाल्याची नोंद करा, मायगेटवरून नाव काढा, किल्ली मोजा.

आणि दोन दिवसांनी विद्यार्थिनीला विचारा, पुढच्या वेळी कोण येणार आहे आणि कधी. तिकीट काढायच्या आधी.